ओळी आपोआप सरकतात तेव्हा : कोडच्या इंडेंटेशनविषयी वाचकांचे प्रश्न

इंडेंट म्हणजे ओळीच्या सुरुवातीला सोडलेली मोकळी जागा, आणि विम, व्हीएस कोड, इमॅक्स, नॅनो हे कोड लिहायचे एडिटर. सुरुवातीला दोन गोष्टी. कमांड आणि सेटिंगची नावे इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत. मशीनवर ती नेहमीच्या स्पेलिंगनेच टंकायची, आकडेही तसेच. दुसरे म्हणजे, ‘इंडेंट बिघडले’ या एका तक्रारीच्या पोटात तीन निरनिराळी दुखणी असतात. फाइलमध्ये प्रत्यक्ष काय साठवले आहे, टॅब की स्पेस, हे एक. एडिटर ते पडद्यावर किती रुंद दाखवतो, हे दुसरे. आणि एंटर दाबल्यावर तो स्वतःच्या मनाने काय भरतो, हे तिसरे. आलेल्या पत्रांतले निम्मे घोटाळे एका दुखण्यावर दुसऱ्याचे औषध दिल्यामुळे वाढलेले दिसतात.

प्रश्न : सर्व्हरवर टर्मिनलमधून विम वापरते. दुसरीकडून कॉपी केलेला वीसेक ओळींचा कोड पेस्ट केला की प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा उजवीकडे जाते आणि शेवटच्या ओळी पडद्याबाहेर. मूळ कोड अगदी व्यवस्थित असतो. ऑटो-इंडेंट कायमचे बंद करून टाकू का?

नको. रोजच्या टायपिंगची सोय जाईल आणि मूळ कारण तसेच राहील. टर्मिनलमधल्या जुन्या पद्धतीच्या विमला पेस्ट म्हणजे काय ते कळतच नाही. कोणीतरी भलत्याच वेगाने टाइप करते आहे, एवढेच त्याला दिसते. ओळ संपून एंटर आला की तो आधीच्या ओळीचे इंडेंट नव्या ओळीला देतो, आणि त्यावर तुमच्या कोडमधल्या स्पेस येऊन पडतात. प्रत्येक ओळीला ही बेरीज वाढत जाते. स्पेसच्या जागी ठिपका घालून पाहा. मूळ कोड असा :

जर अट:
····पहिले काम
····दुसरे काम
····तिसरे काम

आणि पेस्ट झालेला असा :

जर अट:
····पहिले काम
········दुसरे काम
············तिसरे काम

चार, आठ, बारा. नुसते ‘ऑटोइंडेंट’ चालू असेल तर जिना असा दिसतो. भाषेनुसार इंडेंट ठरवणारे नियमही चालू असतील, तर कोलननंतरची पायरी ते आपल्या पदरची घालतात आणि पहिले कामच आठवर जाऊन बसते. कॉमेंट पेस्ट केली तर आणखी एक गंमत होते : काही भाषांत विम पुढच्या ओळीला कॉमेंटचे चिन्ह स्वतःच लावतो, त्यामुळे चिन्हे दुप्पट होतात किंवा कॉमेंटखालचा चालू कोडही कॉमेंट होऊन बसतो. हे पटकन लक्षात येत नाही, म्हणून पेस्टनंतर तेवढे मुद्दाम बघा.

उपाय सोपा आहे. पेस्ट करण्याआधी एस्केप दाबून «:सेट पेस्ट» द्या, आय दाबून इन्सर्टमध्ये, म्हणजे टाइप करण्याच्या स्थितीत जा (खाली तशी सूचना दिसेल), पेस्ट करा, एस्केप, आणि लगेच «:सेट नोपेस्ट». ही शेवटची पायरी बहुतेक जण विसरतात. पेस्ट मोड चालू राहिला की ऑटो-इंडेंट तर जातेच, शिवाय टॅबऐवजी स्पेस भरणे बंद होते आणि इन्सर्टमधली तुमची मॅपिंग (कळांना लावून दिलेली कामे) व संक्षेपही चालेनासे होतात. ‘काल चालणारी सेटिंग आज का चालत नाहीत’ या प्रश्नाचे उत्तर बरेचदा एवढेच असते. शंका आली तर «:सेट पेस्ट?» असे प्रश्नचिन्हासह विचारा, विम सध्याची स्थिती सांगतो.

विम ८ पासून बरेचदा याचीही गरज पडत नाही. टर्मिनल पेस्टच्या आधी आणि नंतर खुणेचे दोन कोड पाठवते, त्यावरून विमला मधला मजकूर पेस्ट केलेला आहे हे कळते आणि तो त्याला हात लावत नाही. निओविममध्येही तसेच, म्हणून तिथे पेस्ट मोड केवळ जुन्या सवयीपुरता उरला आहे. तुमच्याकडे तरीही जिना होत असेल तर सर्व्हरवरचा विम जुना असेल, किंवा तुम्ही स्क्रीन अथवा टीमक्स (एका टर्मिनलात अनेक सत्रे चालवणारे प्रोग्रॅम) यांच्या आत असाल आणि विमने टर्मिनलचा प्रकार ओळखलेला नसेल. पेस्ट केलेल्या मजकुराच्या टोकांना २००~ किंवा २०१~ असली चिन्हे उमटत असतील, तर टर्मिनल खुणा पाठवत आहे पण पलीकडच्या प्रोग्रॅमला त्या समजत नाहीत, असे समजा.

मोठा मजकूर असेल तर आणखी एक खात्रीची वाट आहे : «:रीड !कॅट» द्या, पेस्ट करा, एंटर, मग कंट्रोल-डी. हा मजकूर टाइप होत नाही, फाइल वाचावी तसा आत येतो. त्यामुळे इंडेंटचे नियम त्याला लागूच होत नाहीत.

आणि आधीच पेस्ट झालेला जिना? दुरुस्त करत बसू नका. यू दाबून मागे घ्या आणि नीट पुन्हा पेस्ट करा. ते का, हे खालच्या एका उत्तरात येईल.

प्रश्न : पायथॉनची फाइल पडद्यावर तंतोतंत सरळ दिसते. तरी चालवली की ‘इनकन्सिस्टंट यूज ऑफ टॅब्ज अँड स्पेसेस’ अशी एरर येते. कधी कधी त्याच फाइलला दुसरीच, ‘अनइंडेंट डझ नॉट मॅच’ची एरर येते. नेमके काय चुकते?

पडद्यावरचे सरळ आणि फाइलमधले सरळ ही दोन वेगळी प्रकरणे आहेत. टॅब हे एकच अक्षर असते. ते किती रुंद दिसावे हे तुमचा एडिटर ठरवतो. त्याने ते चार खणांचे दाखवले की एक टॅब आणि चार स्पेस डोळ्यांना सारखेच. पायथॉन मात्र डोळ्यांनी वाचत नाही. पायथॉन ३ प्रत्येक ओळीचे इंडेंट दोनदा मोजतो : एकदा टॅब पुढच्या आठाच्या पटीपर्यंत नेतो असे धरून, आणि एकदा टॅब म्हणजे एकच खण असे धरून. दोन्ही मापांत ओळींचा आपसातला क्रम सारखा आला नाही तर तो अंदाज न बांधता थांबतो.

तुम्हाला दोन वेगळ्या एरर का येतात ते यातून कळते. टॅबसाठी → आणि स्पेससाठी · घेऊ. एकाच ब्लॉकच्या दोन ओळी अशा असल्या :

····पहिली ओळ
→दुसरी ओळ

तर पहिल्या मापाने दुसरी ओळ आठवर, म्हणजे चारपेक्षा आत. दुसऱ्या मापाने एकवर, म्हणजे चारपेक्षा बाहेर. विसंगती. त्यावर टॅब-स्पेसची एरर. आता क्रम उलटा करा :

→पहिली ओळ
····दुसरी ओळ

इथे पहिली आठवर आणि दुसरी चारवर. म्हणजे ब्लॉक संपून ओळ बाहेर आली, पण बाहेर चारची पातळी कुठे उघडलेलीच नाही. म्हणून ‘अनइंडेंट’ची एरर. आजार एकच, ओळींचा क्रम बदलला की लक्षण बदलते. पायथॉन २ टॅब सरळ आठाचा धरून पुढे जायचा, त्यामुळे आठाच्या मापाने जुळणाऱ्या मिश्र फाइली वर्षानुवर्षे चालत राहिल्या आणि ३ वर नेताच अडल्या.

दुरुस्तीआधी लपलेले दिसू द्या. विममध्ये «:सेट लिस्ट», की टॅबच्या जागी ^आय दिसेल. व्हीएस कोडमध्ये ‘रेंडर व्हाइटस्पेस’ हे सेटिंग ‘ऑल’ करा. टॅबला बाण आणि स्पेसला ठिपका मिळेल. ते आधीपासून ‘सिलेक्शन’वर असते, म्हणजे मजकूर निवडल्याशिवाय काही दिसत नाही. टर्मिनलमधून बघायचे तर «पायथॉन -एम टॅबनॅनी» आणि पुढे फाइलचे नाव. हे पायथॉनसोबतच येते आणि पहिली गडबड कोणत्या ओळीवर आहे ते सांगते.

आता बदल. व्हीएस कोडमध्ये खालच्या पट्टीत उजवीकडे ‘स्पेसेस’ किंवा ‘टॅब साइझ’ लिहिलेले असते, त्यावर क्लिक करून ‘कन्व्हर्ट इंडेंटेशन टू स्पेसेस’. विममध्ये «:सेट टॅबस्टॉप=४ शिफ्टविड्थ=४ एक्स्पँडटॅब» आणि मग «:रीटॅब». पण थांबा, खरी मेख इथेच आहे. बदल करण्यापूर्वी टॅबची रुंदी तीच हवी जी धरून फाइल लिहिली गेली. काही जुन्या फाइलींत पहिली पातळी चार स्पेसची आणि दुसरी पातळी एका टॅबची असते, कारण लिहिणाऱ्याचा टॅब आठाचा होता. अशा फाइलीत रुंदी चार ठेवून बदल केला तर दोन पातळ्यांची एकच होते. एरर जाते आणि प्रोग्रॅमचा अर्थ बदलतो; एररपेक्षा हे वाईट. म्हणून टॅबस्टॉप आधी चार, मग आठ करून फाइल वरून खाली बघा. ज्या आकड्यावर सगळे ब्लॉक ताळ्यावर येतात तोच मूळचा आकडा. तो ठेवून रीटॅब करा. रीटॅब ओळीच्या मधले, अवतरणचिन्हांतले टॅबही बदलतो हेही ध्यानात असू द्या. कोडमध्ये टॅबने विभागलेला डेटा लिहिलेला असेल तर तो बिघडेल.

दोन्ही करूनही एरर राहिली आणि तिच्यात यू+००ए० असे काही दिसले, तर तो टॅबही नाही आणि साधा स्पेसही नाही. वेब पानावरून किंवा वर्ड प्रोसेसरमधून कॉपी करताना आलेला, न तुटणारा स्पेस आहे. दिसायला जुळा भाऊच. त्यातला एक निवडून कॉपी करा, ‘शोधा आणि बदला’च्या चौकटीत टाका, बदली साधा स्पेस द्या, सगळीकडे बदला.

प्रश्न : विममध्ये पायथॉनची फंक्शन लिहिताना # टाइप केले की कॉमेंट थेट डाव्या कडेला जाऊन चिकटते. इंडेंट देऊन # टाइप करावे तर पुन्हा तेच. याम्लच्या (सेटिंग लिहिण्याच्या एका फॉरमॅटच्या) फाइलीत तर नुसता कोलन टाइप केला तरी ओळ हलते.

दोन्हींचे कुळ एक, पण कारणे वेगळी. पहिल्यात ‘स्मार्टइंडेंट’ दोषी आहे. नाव स्मार्ट असले तरी ते सी भाषा डोळ्यांपुढे ठेवून बनवले आहे. सीमध्ये # ने प्रीप्रोसेसरच्या सूचना सुरू होतात आणि त्या पहिल्या खणापासून लिहायची प्रथा, म्हणून ओळीचे पहिले अक्षर # आले की ते इंडेंट काढून टाकते. # ने सुरू होणारी ओळ >> देऊनही उजवीकडे सरकत नाही, तेही याच्यामुळेच. खात्री करायची तर हीच चाचणी घ्या.

तुमच्या विमआरसीमधली (विमच्या सेटिंग-फाइलीतली) ‘स्मार्टइंडेंट’ची ओळ काढा आणि तिच्या जागी «फाइलटाइप प्लगइन इंडेंट ऑन» लिहा. मग पायथॉनच्या फाइलीला पायथॉनचे नियम मिळतात, सीच्या फाइलीला सीचे. इंटरनेटवर # ला मॅपिंग करून फसवण्याची एक युक्ती फिरते. ती चालते, पण >> चा प्रश्न तसाच राहतो. शिफारस नाही.

याम्लची गोष्ट निराळी. तिथे भाषेचेच नियम काम करतात, पण नको तेव्हा. ‘इंडेंटकीज’ नावाच्या यादीत कोणती कळ दाबल्यावर ओळीचे इंडेंट पुन्हा मोजायचे ते लिहिलेले असते, आणि याम्लसाठी त्यात कोलन, ओळीच्या सुरुवातीचा # आणि डॅश आहेत. तुम्ही विचारपूर्वक दिलेली जागा कोलन येताच पुन्हा मोजली जाते. सध्याची यादी बघण्यासाठी «:सेट इंडेंटकीज?» द्या आणि नको त्या नोंदी «:सेटलोकल इंडेंटकीज-=» पुढे लिहून काढा, एका वेळी एकच. दोन एकदम दिल्या आणि त्या यादीत त्याच क्रमाने लागून नसल्या, तर काहीच निघत नाही आणि विम तक्रारही करत नाही.

कायम करायचे तर ही ओळ होम फोल्डरातल्या विमच्या फोल्डरात ‘आफ्टर’, त्याच्या आत ‘इंडेंट’, त्यात याम्लच्या नावाच्या विम-फाइलीत ठेवा. अनेक जण ती ‘एफटीप्लगइन’मध्ये ठेवतात आणि मग परिणाम होत नाही म्हणून वैतागतात. इंडेंटचे नियम लोड होताना ही यादी नव्याने लिहितात; तुमची ओळ त्यांच्यानंतर वाचली गेली पाहिजे.

कोणत्याही इंडेंटच्या सेटिंगबद्दल ‘हे कोणी लावले?’ असा प्रश्न पडला तर «:व्हर्बोस सेट इंडेंटएक्स्प्र?» विचारा. मूल्य तर कळतेच, शिवाय ते शेवटचे कोणत्या फाइलीने बदलले तेही कळते. प्राधान्य असे : इंडेंटएक्स्प्र असेल तर सीइंडेंट आणि स्मार्टइंडेंट गप्प बसतात, सीइंडेंट असेल तर स्मार्टइंडेंट गप्प.

प्रश्न : व्हीएस कोडच्या सेटिंगमध्ये टॅब साइझ ४ केली आहे. काही फाइलींत ती पाळली जाते, काहींत टॅब दाबला की दोनच स्पेस पडतात. रीस्टार्ट करूनही फरक नाही.

तुमचे सेटिंग बरोबर आहे, पण त्याच्या वर दुसरे एक आहे : ‘डिटेक्ट इंडेंटेशन’. ते आधीपासून चालू असते. फाइल उघडताना एडिटर तिच्यातले सध्याचे इंडेंट पाहून अंदाज करतो आणि त्या फाइलीपुरते तुमचे चार बाजूला ठेवतो. दोनच्या फाइलीत दोन, हे खरे तर शहाणपणाचे आहे, कारण नाहीतर एका फाइलीत दोन पद्धती झाल्या असत्या. आमचे मत : ते चालूच राहू द्या. अंदाज चुकलेल्या फाइलीत खालच्या पट्टीवरून ‘इंडेंट यूझिंग स्पेसेस’ निवडून चार द्या. याने फक्त यापुढचे टायपिंग बदलते. आधीच्या ओळी तशाच राहतात.

एंटर दाबल्यावर ब्लॉकच्या आत जातच नाही, अशी तक्रार असेल तर त्याच पट्टीत उजवीकडे भाषेचे नाव बघा. तिथे ‘प्लेन टेक्स्ट’ असेल तर एडिटरला भाषेचे नियमच माहीत नाहीत. नवी, सेव्ह न केलेली किंवा विचित्र एक्स्टेन्शनची फाइल असली की हे हमखास होते. नावावर क्लिक करून भाषा निवडा.

आणि इथे पेस्ट केलेले इंडेंट बदलत असेल तर ‘ऑटो इंडेंट’ हे सेटिंग पाहा. नन, कीप, ब्रॅकेट्स, ॲडव्हान्स्ड, फुल अशा पाच पायऱ्या आहेत आणि मूळचे फुल असते. एक पायरी खाली, ॲडव्हान्स्डवर आणले की एंटरनंतरची बरीचशी सोय राहते आणि पेस्टमधली ढवळाढवळ थांबते. सोबत ‘फॉरमॅट ऑन पेस्ट’ चुकून चालू केलेले नाही ना, तेही बघून घ्या.

प्रश्न : विममध्ये पूर्ण फाइलचे इंडेंट एकदम सरळ करण्याची कमांड सीच्या फाइलीत छान चालते. पायथॉनच्या बिघडलेल्या फाइलीत मात्र काहीतरीच करून ठेवते. कमांड चुकते का?

नाही. जी दोनदा, बरोबरचे चिन्ह, मग कॅपिटल जी, हीच ती कमांड. सीमध्ये रचना महिरपी कंसांत असते. इंडेंट पूर्ण पुसले तरी कंसांवरून ते पुन्हा उभे करता येते. पायथॉनमध्ये इंडेंट हीच रचना. ‘जर’च्या खाली तीन ओळी आहेत आणि इंडेंट हरवले, तर तिसरी ओळ अटीच्या आत होती की बाहेर, हे उरलेल्या मजकुरात कुठेच लिहिलेले नाही. एडिटर अंदाज करतो, आणि तुमच्या मनातले त्याला कसे कळणार? फॉरमॅटरही इथे वाचवत नाही. ब्लॅकसारखी साधने आधी कोड वाचून समजून घेतात, मग मांडतात. कोडच वाचता येत नसेल तर ती एरर देऊन थांबतात. आणि चुकीचे पण वाचता येणारे इंडेंट असेल तर ती चूक नीटनेटकी करून देतात!

म्हणूनच वर म्हटले की पेस्टचा जिना मागे घेऊन पुन्हा पेस्ट करा. मूळ हातात नसेल तर ब्लॉकागणिक हाताने : शिफ्ट-व्ही ने ओळी निवडा, > किंवा < द्या, आणि तेच पुन्हा करायला टिंब. इन्सर्टमध्ये असताना कंट्रोल-टी एक पायरी आत, कंट्रोल-डी एक पायरी बाहेर. कर्सर ओळीत कुठेही असला तरी चालतो.

प्रश्न : मेकफाइल (प्रोग्रॅम बांधण्याच्या सूचनांची फाइल) चालवताना ‘मिसिंग सेपरेटर’ येते. ओळ तर डोळ्यांना बरोबर दिसते.

त्या ओळीच्या सुरुवातीला स्पेस आहेत, तिथे टॅबच हवा. १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी मेक लिहिला तेव्हापासूनचा हा नियम आहे आणि आता तो बदलण्याची आशा नाही. «कॅट -ए» (कॅपिटल ए) देऊन फाइल बघा : टॅब असेल तिथे ^आय दिसते, नसेल तिथे मोकळी जागा. मॅकवर तेच काम «कॅट -ईटी» करते, दोन्ही अक्षरे छोटी. विममध्ये कंट्रोल-व्ही आणि मग टॅब दाबला की एक्स्पँडटॅब चालू असतानाही खरा टॅब पडतो. इमॅक्समध्ये कंट्रोल-क्यू आणि टॅब. विम काय, व्हीएस कोड काय, फाइल मेकफाइल म्हणून ओळखली गेली तर टॅबच घालतात. तरी स्पेस पडत असतील तर बहुधा फाइलचे नाव वेगळे आहे. याम्लमध्ये नेमके उलटे : तिथे इंडेंटसाठी टॅब चालतच नाही. एकाच प्रोजेक्टमध्ये या दोन्ही फाइली शेजारी असतात, हा भाग वेगळा.

प्रश्न : इमॅक्समध्ये लिहिलेला सीचा कोड माझ्याकडे सुरेख दिसतो. सहकाऱ्याच्या एडिटरमध्ये आतल्या पातळीच्या ओळी बाहेरच्या पातळीपेक्षा डावीकडे दिसतात. दोष त्याच्या एडिटरचा ना?

दोष फाइलचा. इमॅक्सची सीसाठीची मूळ पद्धत दर पायरीला दोन खणांची आहे, टॅब आठ खणांचा आहे, आणि ‘इंडेंट-टॅब्ज-मोड’ चालू असते. म्हणून दोन, चार, सहा खणांपर्यंत स्पेस पडतात, आणि आठ झाले की इमॅक्स त्यांच्या जागी एक टॅब ठेवतो. सहकाऱ्याकडे टॅब चार खणांचा असेल तर आठाची ओळ चारवर दिसते, सहाच्या डावीकडे.

कंट्रोल-एक्स एच ने सगळे निवडा, ऑल्ट-एक्स देऊन «अनटॅबिफाय». पुढे असे होऊ नये म्हणून इनिट फाइलीत (इमॅक्सच्या सेटिंग-फाइलीत) ‘इंडेंट-टॅब्ज-मोड’ निल, म्हणजे बंद करा, आणि ते «सेटक्यू-डिफॉल्ट»ने. नुसत्या «सेटक्यू»ने केले तर हे सेटिंग प्रत्येक बफरचे (उघडलेल्या फाइलीचे) वेगळे असल्यामुळे इतर फाइलींपर्यंत पोहोचत नाही. एंटर दाबताच इंडेंट होणे नको असेल तर कारण ‘इलेक्ट्रिक-इंडेंट-मोड’, २४.४ आवृत्तीपासून ते आपोआप चालू असते. एका बफरपुरते बंद करायला «इलेक्ट्रिक-इंडेंट-लोकल-मोड».

प्रश्न : टीममध्ये प्रत्येकाचा एडिटर वेगळा. एकाने फाइल नुसती सेव्ह केली तरी शेकडो ओळी बदललेल्या दिसतात. सगळ्यांना एकच एडिटर सक्तीचा करावा का?

सक्तीने कटुता येईल, आणि गरजही नाही. प्रोजेक्टच्या मुळाशी टिंबाने सुरू होणारी एडिटरकॉन्फिग फाइल ठेवा. एवढी पुरते :

रूट = ट्रू
[*]
इंडेंट_स्टाइल = स्पेस
इंडेंट_साइझ = ४
[मेकफाइल]
इंडेंट_स्टाइल = टॅब

पहिल्या ओळीमुळे एडिटर आणखी वरच्या फोल्डरांत असली फाइल शोधत नाही. ती विसरलात तर कोणाच्या तरी होम फोल्डरातले नियम आत शिरतात. निओविम ०.९ पासून आणि जेटब्रेन्सच्या एडिटरांत ही फाइल आपोआप वाचली जाते. व्हीएस कोडला त्यासाठी एक्स्टेन्शन घालावे लागते, आणि ‘मी फाइल ठेवली तरी चालत नाही’ ही तक्रार बरेचदा तिथूनच येते. ही फाइल पुढच्या टायपिंगला वळण लावते. जुन्या ओळी ती सरळ करत नाही.

जुन्या ओळी सरळ करायच्याच असतील तर ते काम एका वेगळ्या कमिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमधल्या एका नोंदीत), त्यात दुसरा एकही बदल न मिसळता करा. त्या कमिटचा पूर्ण चाळीस अक्षरी क्रमांक एका फाइलीत लिहा आणि गिटच्या «ब्लेम.इग्नोररेव्ह्जफाइल» या सेटिंगला तिचे नाव द्या. गिट २.२३ पासून ही सोय आहे. मग ‘ही ओळ कोणी लिहिली’ विचारल्यावर इंडेंट बदलणाऱ्याचे नाव येत नाही, मूळ लिहिणाऱ्याचे येते. क्रमांक तोडून लिहिला तर चालत नाही.

तपासताना «गिट डिफ -डब्ल्यू» दिले की मोकळ्या जागेतले फरक लपतात आणि खरे बदल तेवढे उरतात. सीला, जावाला उत्तम. पायथॉनला मात्र यावर विसंबू नका : एखादी ओळ लूपच्या आतून बाहेर आली असेल तर तो बदल फक्त मोकळ्या जागेतलाच असतो, आणि -डब्ल्यू तो तुमच्यापासून लपवतो. पायथॉनचा डिफ एकदा तरी -डब्ल्यूशिवाय वाचायचा.

प्रश्न : नॅनोमध्ये पेस्ट करतानाही जिना होतो. तिथे पेस्ट मोड दिसत नाही.

ऑल्ट-आय दाबा. ऑटो-इंडेंट बंद होईल; पेस्ट करून पुन्हा ऑल्ट-आय. टॅबऐवजी स्पेस हवे असतील तर नॅनोआरसीमध्ये «सेट टॅब्जटूस्पेसेस» आणि «सेट टॅबसाइझ ४» या दोन ओळी लिहा. मेकफाइल मात्र त्या नॅनोत उघडू नका.